मृगया : जन्मांतून एकदां

कट्ट्यांतील एका जुन्या घराच्या ओटीवरील सांबरशिंगें पाहून नातू म्हणाला, “आजोबा, आपणही शिकारीस जाऊं!” माझे गुडघे पाहतां असा बेत दुसऱ्यांदा घडणें नाहीं, म्हणून आंखिला, पण बंदुकीवांचून. १९७२ च्या कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे.

फोंडाघाट चढून दाजीपुरास जावयाचें. शाहू छत्रपतींचें तेथील शिकारीचें राखीव रान १९५८ सालीं अभयारण्य झालें. पावसाळ्यांत प्रवेश बंद. सांबराचीं शिंगें बहुधा उन्हाळ्यांत गळतात व पुनः वाढून हिंवाळ्यांत टणक होतात. म्हणून मार्गशीर्ष धरिला. वाटाड्या सोबत, पहांटेची वेळ, आणि पूर्ण मौन.

‘मृग्’ धातूचा मूळ अर्थ शोधणें. तेवढी मृगया नातवास घडवावी, हीच इच्छा.