फ्रीमाँटचं बिल : चार ते नऊ जपून

फ्रीमाँटमध्ये बहुतेक घरांसाठी वीज खरेदी करते ‘आवा कम्युनिटी एनर्जी’, घरापर्यंत आणते पीजी अँड ई. बिल मात्र एकच. वेळेनुसार दर बदलणाऱ्या नेहमीच्या योजनेत दुपारी ४ ते रात्री ९ सर्वांत महाग, शनिवार-रविवारीसुद्धा. नेमकी आपल्या स्वयंपाकाची वेळ! म्हणून डिशवॉशर, ड्रायर आणि गाडीचं चार्जिंग नऊनंतर.

कोणतं उपकरण किती वीज खातं याचा अंदाज काढायचा तर वॉट गुणिले तास, भागिले १०००, की झाले युनिट. १५०० वॉटचा हीटर चार तास चालला, तर ६ युनिट. खरा चोर मात्र बिनआवाजाचा. राउटर, सेट-टॉप बॉक्स, गराजमधला जुना फ्रिज मिळून सरासरी १०० वॉट ओढत असतील, तर महिन्याला ७२ युनिट! स्मार्ट मीटरच्या तासवार आलेखात पहाटे तीनचा आकडा बघा. त्या वेळी गाडी चार्ज होत नसेल किंवा हीटर चालू नसेल, तर तो बहुतांशी याच मंडळींचा.