व्याजमुक्त बँकिंग : प्रश्न श्रद्धेइतकाच देखरेखीचाही

वाराणसी : दशाश्वमेध घाटावरून गोदौलिया चौकात येऊन दक्षिणेकडे वळले की थोड्याच अंतरावर मदनपुरा लागतो. बनारसी साडी विणणाऱ्या आणि विकणाऱ्या मुस्लिम कुटुंबांची ही जुनी वस्ती. या धंद्यात रेशीम, जर आणि मजुरीसाठी पैसा आधी गुंतवावा लागतो. तो परत येतो साडी विकली गेल्यावर. मधल्या काळासाठी भांडवल हवे असते. मात्र इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्याने, हा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांसमोर बँकेपेक्षा व्यापाऱ्याकडील उचल किंवा नातलगांची उसनवारी हेच पर्याय उरतात.

व्यवहार कसा चालतो?

इस्लामी वित्तव्यवस्थेत केवळ पैसा दिल्याबद्दल मोबदला घेता येत नाही. नफा मिळवायचा असेल तर मालाची मालकी किंवा धंद्याची जोखीम स्वीकारावी लागते. समजा, एखाद्या विणकराला एक लाख रुपयांचे रेशीम हवे आहे. ‘मुराबहा’ पद्धतीत बँक ते स्वतः खरेदी करून एक लाख आठ हजारांना हप्त्यांनी विकते. हप्ता लांबला तरी ठरलेली किंमत वाढत नाही. ‘मुशारका’ ही भागीदारी आहे. तिच्यात नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. गुंतवणूक खात्यातील ठेवीदारालाही व्याजाऐवजी नफ्यातील वाटा मिळतो; तोटा झाल्यास त्याचे मुद्दलही घटू शकते. मुराबहा म्हणजे नाव बदललेले व्याजच, असा आक्षेप टीकाकार घेतात.

कायद्याची अडचण

बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार ठेव ही परत करावयाची रक्कम असते. याच कायद्याचे कलम ८ बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीचा व्यापार करण्यास मनाई करते. त्यामुळे मुराबहा आणि नफा-तोट्यावर आधारित ठेवी या दोन्ही गोष्टी प्रचलित चौकटीत बसत नाहीत.

रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगचा विचार करण्याची शिफारस केली होती. दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये पारंपरिक बँकांतच स्वतंत्र ‘व्याजमुक्त खिडकी’ सुचवली. तथापि, सर्व नागरिकांना बँकिंग सेवांच्या व्यापक व समान संधी उपलब्ध असल्याचे कारण देत रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. माहिती अधिकारातील उत्तरातून २०१७ मध्ये ही बाब स्पष्ट झाली.

दरम्यान, सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बार्शी येथून बिनव्याजी ठेवी व कर्जांची योजना सुरू केली होती. मात्र मूळ रकमेवर काहीच मिळणार नसेल, तर बँकेचा खर्च कोठून भागवायचा, हा प्रश्न अशा प्रयोगांपुढे कायम असतो.

स्थैर्याची दुसरी बाजू

मलेशियाने १९८३ पासून दोन्ही पद्धती एकाच मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली चालवल्या आहेत. २००८ च्या जागतिक संकटात इस्लामी बँकांच्या नफ्याला तुलनेने कमी झळ बसली, पुढील वर्षी मात्र तो अधिक घसरला, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासात आढळले. तुर्कस्तानातील ‘इहलास फिनान्स’ ही व्याजमुक्त संस्था २००१ च्या आर्थिक संकटात कोसळली. म्हणजेच केवळ व्याज वगळल्याने सुरक्षितता येत नाही. तरलता, जोखीम व्यवस्थापन आणि नियामकाचे लक्ष तितकेच निर्णायक ठरते.

भारतात याचा धडा बेंगळुरूत मिळाला. ‘आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी’ अर्थात ‘आयएमए’ने धर्मसंमत नफ्याचे आश्वासन देऊन भागीदारीच्या नावाखाली रकमा गोळा केल्या. २०१९ मध्ये ती बुडाली आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. बँकेतील ठेवींना असलेले पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण अशा रकमांना लागू होत नाही. सहकारी पतसंस्थांतील ठेवीही त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

शेअर बाजारात शरियतनुसार निवडलेल्या समभागांचे निर्देशांक आणि काही म्युच्युअल फंड सेबीच्या नियमनाखाली उपलब्ध आहेत. परंतु ते बचत गुंतवण्यासाठी आहेत. रेशीम विकत घेण्यासाठी खेळते भांडवल त्यांतून मिळत नाही. त्यामुळे अधिकृत खिडकी नसली तरी व्याज टाळणाऱ्यांची बचत आणि गरज संपत नाही. ती देखरेखीबाहेरच्या व्यवहारांकडे वळते आणि तेथे फसवणूक झाल्यास नुकसान ठेवीदारालाच सोसावे लागते.