कष्ट कुणाचे, नाव कुणाचं? सोन्याच्या मुलखातली गोष्ट

सोन्याचा विषय निघाला की आपण सगळ्याच कान टवकारतो. आज आम्ही सोन्याबद्दलच बोलणार आहोत, पण दागिन्यांबद्दल नाही. ही गोष्ट आहे पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. तिथे नदीत सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत सुटली. त्या धावपळीत पैसा कुणी कमावला आणि कायदा कुणाच्या बाजूनं उभा राहिला, ते आज पाहू.

२४ जानेवारी १८४८ चा दिवस. कोलोमा इथे अमेरिकन नदीच्या काठी जेम्स मार्शल नावाचा सुतार लाकूड कापायची गिरणी उभारत होता. पाण्याच्या पाटात त्याला पिवळे कण चमकताना दिसले. बातमी पसरली आणि १८४९ मध्ये माणसांचा लोंढाच आला. सॅन फ्रान्सिस्को हे जेमतेम हजारभर वस्तीचं बंदर. दोन वर्षांत तिथली वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास गेली.

सुरुवातीला सोनं काढायला मोठं यंत्र लागत नव्हतं. आपण तांदूळ रोळतो ना, तसंच ते काम. पसरट भांड्यात नदीची वाळू घ्यायची आणि पाण्यात गोल गोल हलवायची. माती वाहून जाते, सोनं जड म्हणून तळाशी राहतं. पण त्यासाठी दिवसभर गार पाण्यात उभं राहावं लागे. सहज मिळणारं सोनं लवकर संपलं आणि बरेच जण रिकाम्या हातानं परतले.

मग पैसा कुणाला मिळाला? सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराचं उदाहरण घ्या. त्यानं फावडी, भांडी असा माल आधी दुकानात भरून ठेवला. नंतर सोन्यानं भरलेली बाटली हातात धरून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर सोनं सापडल्याची आरोळी ठोकली. नदीत न उतरताच तो त्या भागातला बडा श्रीमंत झाला. मालाची इतकी टंचाई होती की एका अंड्याला एक डॉलर मोजावा लागे.

आता बायकांकडे येऊ. १८५० च्या जनगणनेत तिथे शंभरात दहासुद्धा बायका नव्हत्या. पुरुषांना धड रांधता येत नव्हतं, कपडे धुता येत नव्हते. त्यामुळे घरी ज्या कामाला कुणी मोल देत नाही, त्याच कामाला तिथे भाव आला. लुझेना विल्सन ही बाई नवरा आणि मुलांबरोबर बैलगाडीनं तिथे पोहोचली. चुलीवर रांधत असताना एका खाणकामगारानं तिच्या हातचे गरम पाव पाच डॉलरला मागितले. ती चकित होऊन गप्प राहिली, तर तो म्हणाला दहा देतो! पुढे नेवाडा सिटी या गावी तिनं फळ्या ठोकून मेज तयार केलं आणि खानावळ सुरू केली. पहिल्याच रात्री वीस जण जेवायला बसले, माणशी एक डॉलर. तिचा जम बसला, पण १८५१ च्या आगीत सगळं जळालं.

मैत्रिणींनो, आता खरा प्रश्न. अशा कमाईवर हक्क कुणाचा?

१८४९ मध्ये कॅलिफोर्नियाची राज्यघटना लिहायला मॉन्टेरे इथे बैठक भरली. सगळे प्रतिनिधी पुरुष. तरी त्यांनी एक कलम घातलं: लग्नाआधीची आणि नंतर भेट किंवा वारसा म्हणून आलेली मालमत्ता बायकोची स्वतःची राहील. बाजूनं बोलणाऱ्या हेन्री हॅलेकचं म्हणणं होतं की, या कलमामुळे बायका इथे यायला तयार होतील, तेव्हा अविवाहितांनी तरी याला मत द्यावं. तो स्वतःही अविवाहितच होता.

पण संसारात राबून मिळवलेल्या पैशाचं काय? तो दोघांचा समाईक धरला, आणि १८५० च्या कायद्यानं त्याचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला. म्हणजे पाव बाईनं भाजायचे आणि गल्ला त्यानं सांभाळायचा. १८५२ मध्ये आणखी एक कायदा आला. आपला धंदा स्वतःच्या नावानं करणार, अशी जाहीर नोंद विवाहित बाईला करता येऊ लागली. मग धंद्याची कमाई तिची आणि कर्जही तिचंच. फरक एका नोंदीचा होता.

ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर धरलं जात नव्हतं, त्यांचे फार हाल झाले. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना वीस डॉलर कर बसला. १८५४ मध्ये न्यायालयानं ठरवलं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. लुटलं गेलं तरी सांगायचं कुणाला? आणि ज्यांची ती जमीन, त्या मूळ आदिवासींना तर मुलाबाळांसकट वेठीला धरायची वाट १८५० च्या एका कायद्यानं मोकळी करून दिली. रोग, उपासमार आणि कत्तली यांमुळे सुमारे दीड लाखांवरची त्यांची संख्या १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास आली.

सोन्याच्या मुलखातही नुसत्या कष्टानं हक्क मिळाला नाही. कागदावर नाव आणि न्यायालयात शब्द ज्याचा धरला गेला, त्याचीच कमाई टिकली.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं कराच. आपली शिलाई, पापड, दूध, कोंबड्या, जो काही धंदा असेल, त्याचं खातं, परवाना आणि पावत्या कुणाच्या नावावर आहेत, ते प्रत्येकीनं सांगायचं. ज्यांना माहीत नसेल, त्यांनी घरी जाऊन कागद काढून बघायचे.