चुंबक, कप आणि काटा

सकाळी ६.२०
रेडीच्या तिठ्यावर चहा. काका सिमेंटचं रिकामं पोतं झटकून खांद्यावर टाकतात. कॉलेजची मुलं आणि त्यांच्या बाई दगड ओळखायला येणार आहेत. दगड वाहायचे काकांनी. दिवसाचे सातशे, जेवण ज्याचं त्याचं. पिशवीत हातोडा, सुतळी, मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणि कान तुटलेला कप. जुन्या स्पीकरमधलं चुंबक भंगारवाल्याकडून तीस रुपयांना आणलेलं.

७.१५
चढ लागतो. दोन्ही बाजूंना तांबडा जांभा. मुलं दिसेल त्याला चुंबक लावतायत. काका वैतागतात.
"आधी हातात धर. वजन बघ. मगे चुंबक."
जांभ्यातही लोखंड असतं, पण तो हाताला हलका लागतो. भोकं, माती, मधेच गांडुळाच्या वाटेसारखी नळी.
बाईंना होकायंत्र लावायचंय. "काका, ते चुंबक घेऊन जरा लांब जा हो." काका वीस पावलं खाली उतरून बिडी पेटवतात.

८.४०
रस्त्याकडेचा खडीचा ढीग. एका मुलाने चुंबक दोऱ्याला बांधलंय. काळ्या खडीजवळ नेलं की दोरा तिरका होतो.
"सापडलं!"
"ह्यो चिकाटलो म्हणान खनिज झालो काय? मग अख्खो रस्तो लोखंडाचो."
बाई हसतात. काळ्या दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. चुंबक ओढायला तेवढे पुरतात, भट्टीला नाही.

१०.३०
ओढ्याच्या पात्रात पट्ट्यापट्ट्यांचा दगड. एक पट्टा काळा, एक पांढुरका, पुन्हा काळा. लुगड्याच्या काठासारखा. पांढुरका म्हणजे गारगोटीच्या जातीचा. तेरेखोल नदी ओलांडली की गोव्यातही असले दगड. काका कडेला हातोडा घालतात. तिसऱ्या घावाला कपची उडते. काळ्या पट्ट्यावर चुंबक खटकन बसतं, ओढून काढावं लागतं.
आता कप. तळाच्या कड्यावर झिलई नसते. तिथे दगड दाबून ओढायचा. रेघ काळी उमटली. मॅग्नेटाइट.

१२.००
उन्हाचा चटका. एक गोळा सापडतो, करडा, चकाकणारा, मुठीएवढा. हात खाली जातो इतका जड. चुंबक लावलं तर ढिम्म. मुलगा तो फेकायला निघतो.
"थांब."
काका गोळा कपावर ओढतात. दगड करडा, रेघ तांबडी. वाळल्या रक्तासारखी.
हा हेमेटाइट. काकांनी बारा वर्षं खाणीवर हीच ढेकळं फोडली. रेडीच्या बंदरातून जहाजात गेलं ते बहुतेक हेच, चुंबकाला न जुमानणारं. बाई वहीत लिहायला सांगतात: शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये ७२ टक्के लोखंड, हेमेटाइटमध्ये ७०. रेघ पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट, त्यात आणखी कमी.

१.१५
काजूच्या सावलीत जेवण. काकांच्या डब्यात भाकरी, कुळथाची पिठी, सुका बांगडा. हात दोनदा धुतात. नखांतलं तांबडं जात नाही.

२.३०
विहिरीवर तोलाई. गोळा सुतळीने काट्याला टांगला: ६५० ग्रॅम. मग बादलीतल्या पाण्यात बुडवला, तळाला टेकू न देता: ५२०. फरक १३०. ६५० भागिले १३०, पाच. पाण्याच्या पाचपट जड. आता सकाळची खडी: हवेत ५८०, पाण्यात ३८०. भागाकार २.९. खडीवाला मुलगा गणित पुन्हा करून बघतो. तेच येतं.

४.१०
किनारा. भरतीरेषेजवळ काळ्या वाळूची पट्टी. काका चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवतात. काळी दाढी उगवते. पिशवीतून चुंबक बाहेर काढलं की कण कागदावर झडतात, चुंबक कोरं. पिशवीविना फिरवलं तर ते कण काढता काढता रात्र होते. मागे वाळूत काही काळे कण उरलेच. ते दुसरं खनिज, इल्मेनाइट. साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही.

५.४०
तिठा. पोत्यात एकोणीस दगड, प्रत्येकावर नंबराची चिकटपट्टी. पोतं गाडीच्या डिकीत टाकताना दोघं लागतात. दिवसभर एकट्याच्या पाठीवर होतं. बाई सातशे मोजून देतात. रिक्षाचे चाळीस वजा. कप आज कामी आला, उद्या कान नसलेला दुसरा शोधायला हवा. याच्या तळाला रेघोट्यांना जागा उरली नाही.
हेमेटाइटचे दोन गोळे मिळाले होते. नमुन्याला एक पुरे. दुसरा, मोठा, काका मागून घेतात.
"काकानू, ह्याचं काय करणार?"
"वाऱ्यान दार आपटता. तेका लावतलंय."