फॅन बेल्टचा अंगठा आणि टेन्शनरची स्प्रिंग

1988 साली टाटामोबाइल आली तेव्हा, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, पिकअपच्या बॉनेटखालचा कारभार साधा होता. व्ही आकाराचा फॅन बेल्ट, डायनॅमोला धरून ठेवणारी लांबट खाचेची पट्टी आणि तिच्यावर एक बोल्ट. बेल्ट सैल पडला की बोल्ट ढिला करायचा, टॉमीने डायनॅमो बाहेर रेटायचा आणि तसाच धरून दुसऱ्या हाताने बोल्ट आवळायचा. मग दोन पुलींच्या मधोमध अंगठा दाबून बघायचा. दहा-बारा मिलिमीटर दबला की झालं. कमी ताणला तर पावसाळ्यात सकाळी सकाळी किंचाळायचा, जास्त ताणला तर वॉटर पंपाचं नाहीतर डायनॅमोचं बेअरिंग खायचा. कारागिराचा हात जड की हलका, यावर बेअरिंगचं आयुष्य ठरायचं.

तो बेल्ट तुटला की काय व्हायचं, हे घाटात गाडी चालवणाऱ्यांना पाठ होतं. चार्जिंग बंद, पाणी फिरायचं बंद. त्यातून अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्याच पाठीला बसवलेला. दोन-चार वेळा पाय दिला की ब्रेक दगड. कसाऱ्याच्या उतारावर भरल्या गाडीत हे कळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. सीटखाली जादा बेल्ट असायचा तो हौसेने नव्हे.

हा हाताचा खेळ बंद पडायची सुरुवात अमेरिकेत झाली. 1979 च्या फोर्ड मस्टँगमध्ये उभ्या रेघांचा एकच रुंद बेल्ट सगळ्या पुलींवरून नागमोडी फिरवला गेला. इतक्या पुलींना एका बेल्टने ओढायचं तर ताण सतत एकसारखा हवा. ते काम पुढे स्प्रिंगच्या टेन्शनरकडे आलं: ॲल्युमिनियमचा दांडा, टोकाला पुली, पोटात गुंडाळलेली स्प्रिंग आणि धक्के जिरवणारा प्लॅस्टिकचा बुश. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये तो कॉमन रेल इंजिनांच्या जोडीने आला. अंगठा लावायची गरज संपली. बेल्टचं रबरही बदललं. जुन्या निओप्रीनला भेगा पडायच्या, त्या दिसायच्या. नवं ईपीडीएम टायरसारखं झिजतं, वरून तुकतुकीत दिसतं आणि रेघांमधली खाच तेवढी खोल होत जाते.

माझ्या मते खरी गोची इथेच झाली. जुना बेल्ट आधी ओरडून सांगायचा. आता स्प्रिंग झीज झाकून घेते आणि मालक निर्धास्त राहतो. गॅरेजात हा संवाद नेहमीचा:

"मिस्त्री, बेल्ट तेवढा टाका. बाकी गाडी चकाचक आहे."

"भाऊ, टेन्शनरची पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागते ना? नवा बेल्ट यानेच खाल्ला जाणार."

मोडलेला टेन्शनर काढणं फार अवघड नाही, जागा तेवढी अडचणीची. आधी बेल्ट कुठून कसा जातो त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. नंतर आठवणीवर विसंबलात तर अर्धा दिवस जातो. दांड्यावरच्या चौकोनी भोकात अर्ध्या इंची टोकाचा लांब दांडा घालून स्प्रिंग दाबायची, बेल्ट उतरवायचा आणि दांडा हळूहळू सोडायचा. झटक्यात सुटला तर बोटं फुटतात. पुलीचा बोल्ट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी बघून घ्यावं. बसवताना टेन्शनरच्या पाठीमागची बारीक पिन ब्लॉकच्या भोकात नीट बसली पाहिजे. ती चुकली की पुली तिरकी राहते आणि बेल्टची कड सोलवटून निघते.

आणि टेन्शनर मोडला म्हणजे दोष त्याचाच, असं नसतं. ज्या डायनॅमोला एकाच दिशेने पकडणारी पुली असते, तिथे ती आतून जाम झाली की इंजिनाचा प्रत्येक हिसका टेन्शनरच्या दांड्याला बसतो. दांडा अडथळ्यावर आपटत राहतो आणि शेवटी ओतीव भागच तुटतो. क्रँकपुलीतलं रबर सुटलं तरी तेच. म्हणून बेल्ट उतरवलेला असतानाच सगळ्या पुली फिरवून, हलवून बघाव्यात. बसवून झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून दांड्याकडे बघत उभं राहावं. थोडा थरथरला तर चालतं. पिस्टनसारखा खालीवर व्हायला लागला, तर नवा टेन्शनरही थोड्याच दिवसांचा.