हृदयाच्या इशाऱ्यावर चालणारा पंप

हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला की रक्तदाब झपाट्याने घसरतो, हातपाय गार पडतात आणि रोगी ग्लानीत जातो. अशा दुबळ्या हृदयाला यंत्राने हातभार लावावयाचा, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो वेळेचा. हृदय रक्त बाहेर ढकलीत असतानाच यंत्राने विरुद्ध दाब दिला, तर मदतीऐवजी अपायच व्हावयाचा. मग हृदय केव्हा आकुंचन पावणार, हे यंत्राला कळावे कसे?

याचे उत्तर हृदयच देते. प्रत्येक ठोक्यापूर्वी हृदयात सूक्ष्म विद्युत लहर पसरते. आधी विद्युत संकेत आणि क्षणार्धाने आकुंचन, असा हा क्रम आहे. ही लहर छातीवर लावलेल्या पट्ट्यांच्या साहाय्याने टिपता येते. तिचा आलेख काढण्याच्या तंत्राबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या आलेखातील 'आर' हे उंच शिखर म्हणजे आकुंचनाची जणू वर्दीच होय.

महाधमनीतील फुग्याचा पंप या वर्दीवरच चालतो. मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत नेऊन ठेवतात. प्रौढांसाठी तो बहुधा ४० घनसेंटिमीटरच्या आसपास असतो. हृदय सैल पडताच फुगा हेलियम वायूने फुगतो; महाधमनीतील रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना अधिक रक्त मिळते. पुढील आकुंचनाच्या सुमारास तो एकदम मिटतो. त्यामुळे समोरचा दाब उतरतो व हृदयाचे श्रम हलके होतात. हेलियम अतिशय हलका असल्याने अरुंद नळीतून त्याची ये-जा वेगाने होते.

मुलोपुलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे ही कल्पना मांडली. १९६७ साली ब्रुकलिन येथे डॉ. एड्रियन कांट्रोविट्झ यांनी तिचा रोग्यावर प्रथम यशस्वी उपयोग केला.

तथापि, ठोके अनियमित पडू लागले की यंत्राचा अंदाज चुकतो. शस्त्रक्रियेतील विद्युत उपकरणांमुळेही संकेत गढूळ होतो. अशा वेळी धमनीतील दाबाच्या चढउतारावरून यंत्र चालविता येते. उपचाराच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. झटक्यानंतर रक्ताभिसरण कोलमडलेल्या ६०० रोग्यांची जर्मनीत पाहणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, फुग्यामुळे पहिल्या ३० दिवसांतील मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणून आता तो अशा प्रत्येक रोग्यास सरसकट न लावता, निवडक प्रसंगीच वापरतात.

हा पंप हृदयाची जागा घेत नाही. बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी करणे, हाच झटक्यावरील मुख्य उपचार होय. आणि त्याला खरी गरज असते ती वेळेची. म्हणूनच छातीत दुखू लागताच विलंब न लावता रुग्णालय गाठणे, हे कोणत्याही यंत्राहून अधिक मोलाचे आहे.