समजून घ्या : गच्चीवर सोलर, तरी घराघरात गिझर! सोसायटीने सोलर वॉटर हीटरवर खर्च करावा का?

पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेत. तरीही सकाळी गिझरचे बटण दाबले जातेच. वरच्या मजल्यांना कढत पाणी आणि खालच्यांना कोमट, अशी तक्रार नेहमीची. मग नव्या यंत्रणेसाठी वर्गणीचा विषय निघाला की सभेत एकमत होत नाही. पैसे घालण्याआधी हे गणित पाहा.

बचत किती?
चार जणांच्या घराला रोज साधारण 100 लिटर गरम पाणी लागते. ते 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 4.6 युनिट वीज जाते. म्हणजे 2 किलोवॅटचा गिझर जवळपास सव्वादोन तास चालतो. पावसाळी दिवस वगळून वर्षाचे 250 दिवस आणि 8 रुपये युनिट धरले, तर एका घराचे सुमारे 9,200 रुपये वाचतात. 20 फ्लॅटसाठी हा आकडा 1 लाख 84 हजारांवर जातो. कोटेशनच्या रकमेला या बचतीने भागा, पैसे किती वर्षांत वसूल होतील ते कळेल.

मग पाणी थंड का येते?
दोष बहुतेकदा सोलरचा नसून पाइपचा असतो. आतून 20 मिलिमीटर रुंद असलेल्या 30 मीटर पाइपात सुमारे 9 लिटर पाणी साचून रात्रभर थंड होते. नळ सोडल्यावर आधी तेच येते आणि वाया जाते. यावर उपाय म्हणजे पाइपला उष्णतारोधक आवरण घालणे आणि टायमरवरच्या छोट्या पंपाने पहाटे पाणी फिरवत ठेवणे. टाकीच कमी क्षमतेची असेल, तर मात्र उशिरा उठणाऱ्यांच्या वाट्याला कोमट पाणीच येणार.

बोअरचे पाणी चालते का?
चालते, पण क्षार साचतात. तांब्याच्या नळ्यांचे पॅनेल असेल तर हीट एक्स्चेंजर घ्यावा. काचेच्या नळ्यांच्या यंत्रणेत साफसफाई तुलनेने सोपी असते.

सवलत मिळते का?
चालू स्थितीतील सोलर यंत्रणेसाठी पुणे महापालिका मिळकत करात सवलत देते. मात्र ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान वीजनिर्मितीच्या पॅनेलसाठी आहे, वॉटर हीटरसाठी नाही.

सभेत काय ठरवावे?
• प्रति फ्लॅट किमान 100 लिटर क्षमता
• सावली न पडणारी, दक्षिणेकडे तोंड करता येईल अशी जागा
• पाइपचे आवरण आणि पंप यांचा खर्च कोटेशनमध्येच
• वार्षिक देखभाल करार
• शेवटचा हप्ता सर्वात खालच्या मजल्यावर गरम पाणी मोजून पाहिल्यावरच

शेवटची अट आधीच लेखी ठरली, तर तळमजल्यावरच्या सभासदालाही वर्गणी द्यायला कारण उरते.